बोलणे पटते कधी?
(विहाराच्या वर्धापनदिनी विद्यार्थी मेळाव्यात झालेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो. समितीने आम्हाला विषय दिला तो असा, की विद्यार्थ्याचे भाषण परिणामकारक कशाने होते? म्हणजे नुसते ऐकायला बरे वाटणारे भाषण नव्हे. ऐकणाऱ्याचे मन वळवणारे, त्याला एखादी गोष्ट पटवून देणारे भाषण.

आता हा विषय फक्त ढाल आणि प्रमाणपत्र मिळवण्यापुरता असता, तर आम्ही दोन शब्द बोलून खाली बसलो असतो. पण गोष्ट तेवढीच नाही. आपल्या मुलांना आयुष्यात फार ठिकाणी बोलून पटवावे लागते. दहावीनंतर पुढे शिकायचे आहे, हे मुलीला घरी वडिलांना पटवावे लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडला, हे कचेरीत साहेबांना सांगावे लागते. मुलाखतीत पाच अनोळखी माणसांपुढे बसावे लागते. ग्रामसभेत वस्तीच्या पाण्याचा प्रश्न मांडावा लागतो. तिथे टाळ्या वाजवायला कोणी नसते. तिथे पाठ केलेला कागद उपयोगाचा नसतो. तिथे ज्याला बोलता येते त्याचे काम होते, आणि ज्याला येत नाही तो मान खाली घालून परत येतो. आपल्या आज्या-पणज्यांना तर तोंड उघडायचीच बंदी होती. म्हणून बोलता येणे ही आपल्यासाठी हौसेची बाब नाही, हक्काची बाब आहे.

आमच्यापैकी काहीजण जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो. तिथले चित्र तुम्हीही पाहता. सहावीतला मुलगा व्यासपीठावर येतो, छाती फुगवतो आणि पहिल्या वाक्यापासून ओरडायला लागतो. हात वर, मूठ आवळलेली, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. वाक्ये मोठमोठी, ‘सूर्य’, ‘क्रांती’, ‘ज्वालामुखी’ असे शब्द ओळीने येतात. मध्येच एक शब्द विसरतो, की गाडी जागच्या जागी थांबते. खाली बसल्यावर त्याला विचारले, की बाळ, तू जे बोललास त्यातले तुला काय पटले? तर तो आईकडे बघतो. यात त्या लेकराचा दोष नाही. त्याला कुणीतरी लिहून दिले, त्याने पाठ केले. पण ज्याला स्वतःलाच ते माहीत नाही, तो दुसऱ्याला काय पटवणार?

तर मग पटते कधी? याचे उत्तर आपल्याला बाहेर शोधायला जायची गरज नाही. भगवंतांनी ते अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. अंगुत्तर निकायात उदायी नावाच्या भिक्खूची हकिकत आहे. कोसंबीला घोसितारामात उदायी मोठ्या गृहस्थ समुदायाला धम्म सांगत बसले होते. आनंदांनी ते पाहिले आणि भगवंतांना जाऊन सांगितले. तेव्हा भगवंत म्हणाले, की दुसऱ्याला धम्म सांगणे सोपे काम नाही. सांगणाऱ्याने आधी पाच गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. क्रमाक्रमाने सांगावे. कारण दाखवून सांगावे. ऐकणाऱ्याविषयी करुणा ठेवून सांगावे. स्वतःला काही मिळावे म्हणून सांगू नये. आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला न दुखवता सांगावे. ही पाच बोटे आहेत असे समजा. पाचही असली की मूठ होते.

आता ही पाच बोटे आपण एकेक करून पाहू, आणि उदाहरणे शक्यतो आपल्या मातीतली घेऊ.

आपला सातारा भाग्यवान. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या पटावर चढले. तेच आजचे छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून जाहीर केला तो त्यामुळेच. म्हणजे विद्यार्थी हा शब्द उच्चारला की आपल्या जिल्ह्याचे नाव आपोआप येते.

याच साताऱ्यातून १९०१ च्या सुमारास बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नाही, कारण पत्र वडिलांपर्यंत पोचलेच नव्हते. पुढची हकिकत आपण सारे जाणतो. बाबासाहेबांनी ती ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवली आहे. ती कशी लिहिली आहे, ते विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावे. त्यात आक्रोश नाही, शिवीगाळ नाही. नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून मुले कशी आनंदाने निघाली, हे आधी येते. मग स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. मग जात कळते आणि त्याचा चेहरा बदलतो. मग एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडे ठरते, आणि मुलांनी स्वतः गाडी हाकायची, गाडीवानाने बाजूने चालायचे, असा तोडगा निघतो. जवळ डब्यात भरपूर जेवण, पण प्यायला पाणी नाही, म्हणून मुले उपाशी झोपतात.

बघा, हे क्रमाक्रमाने सांगणे. हे पहिले बोट. आधी आनंद, मग शंका, मग अपमान, मग तहान. ऐकणारा त्या मुलांबरोबर एकेक पायरी उतरत जातो. अस्पृश्यता वाईट आहे, हे वाक्य सांगणाऱ्याला उच्चारावेच लागत नाही. ते ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उमटते. परदेशातल्या ज्या माणसाने मसूर स्टेशन कधी पाहिले नाही, त्यालाही ते कळते. मुलांनो, ‘अन्यायाच्या काळोखात होरपळलेला समाज’ या शब्दांपेक्षा ‘डबा भरलेला होता, पण पाणी नव्हते’ ही साधी गोष्ट कितीतरी खोल जाते. म्हणून भाषणात जे सांगाल ते डोळ्यांपुढे उभे राहील असे सांगा. ठिकाण सांगा, माणूस सांगा, काय घडले ते सांगा.

दुसरे बोट कारण दाखवण्याचे. इथेही विद्यार्थ्याचेच उदाहरण घेऊ. बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ९ मे १९१६ रोजी त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात भारतातील जातींवर एक निबंध वाचला. वय अवघे पंचवीस. समोर बसलेल्यांनी जात हा प्रकार कधी अनुभवलेला नाही. काय केले त्यांनी? सुरुवात केली ती श्रोत्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीपासून. निरनिराळ्या देशांच्या वस्तूंची प्रदर्शने भरतात, ती तुम्ही पाहिली असतील. आज आपण माणसांच्या संस्थांचे प्रदर्शन पाहू, अशा अर्थाची ती सुरुवात. त्यानंतर सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून पुढे ठेवल्या. प्रत्येकाचे काय बरोबर, काय अपुरे, ते सांगितले. मग स्वतःचा मुद्दा मांडला, की जातीबाहेर लग्न न करणे हेच जातीचे मर्म आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चाली त्यातूनच निघाल्या. आणि शेवटी काय म्हणाले? आपले मत अंतिम आहे असा आपला दावा नाही, कोणी ते चूक ठरवून दाखवले तर ते सोडायची तयारी आहे, असा भाव त्यांनी व्यक्त केला. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला.

यातून विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी घ्याव्यात. ऐकणाऱ्याला जे माहीत आहे तिथून निघा. दुसऱ्याचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडा, मगच त्याचे उत्तर द्या. आणि मला कोणी चूक दाखवली तर मी ऐकेन, एवढा मोकळेपणा ठेवा. कालामांना भगवंतांनी काय सांगितले? ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. मग व्यासपीठावरचा वक्ता तरी ‘मी सांगतो म्हणून’ असे कसे म्हणेल? कारण द्यायला हवे.

तिसरे बोट करुणेचे. म्हणजे ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन बोलणे. आपल्या सांगली जिल्ह्यातले येडे मच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील आठवा. तलाठ्याची नोकरी सोडून ते चळवळीत आले. खेड्यातल्या माणसाशी ते खेड्यातल्याच भाषेत बोलत. इंग्रजी राज्य म्हणजे काय, हे शेतकऱ्याला शेतातल्या दाखल्यांनी समजते, पुस्तकी शब्दांनी नाही, हे त्यांनी ओळखले होते. गाडगेबाबांचे कीर्तन तर सगळे प्रश्नोत्तरांचे. आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, आणि रात्री लोकांनाच प्रश्न विचारायचे. उत्तर लोकांच्या तोंडून आले, की ते लोकांचे झाले. किसा गोतमीला भगवंतांनी मृत्यूवर प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही, त्या घरातून मोहरी आण, एवढेच सांगितले. दारोदार फिरून तिला स्वतःलाच उमजले. पटवणे यालाच म्हणतात.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांचेही पाहा. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेला हा माणूस. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्या भाषणाने झाले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे, ही समजूत प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेली. अण्णा भाऊंनी तीच उचलली आणि उलटी केली. पृथ्वी कष्टकऱ्यांच्या, दलितांच्या तळहातावर तरली आहे, असे ते म्हणाले. ऐकणाऱ्याच्या ओळखीचे चित्र घेतले, म्हणून ते आजही लोकांच्या लक्षात आहे.

चौथे बोट आहे आमिष न ठेवण्याचे. बक्षिसासाठी बोलणारा परीक्षकांकडे बघून बोलतो. टाळीसाठी बोलणारा, टाळी येते का याची वाट बघत थांबतो. श्रोत्यांना हे बरोबर कळते, बरं का! उलट ज्याच्या वागण्यात आणि बोलण्यात फरक नाही, त्याला फार बोलावेच लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आणली. सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे, हे त्यांनी भाषणातून सांगितलेच, पण त्याआधी वसतिगृहात करून दाखवले. मुलांनो, व्यसनमुक्तीवर बोलायचे तर आपल्या खिशात गुटख्याची पुडी नको, एवढे साधे आहे हे.

पाचवे बोट न दुखवण्याचे. हे सर्वांत अवघड. कारण आपल्या मनात राग आहे, आणि तो खराही आहे. मग राग गिळून टाकायचा का? नाही. पण तो कुठे ठेवायचा, ते शिकायला हवे. १७ डिसेंबर १९४६ चा प्रसंग सांगतो. घटना समितीत पंडित नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. मुस्लिम लीग सभागृहात आली नव्हती. बॅरिस्टर जयकरांनी दुरुस्ती मांडली, की ठराव थोडा पुढे ढकलावा. सभागृहाला ते रुचले नव्हते. अशात अध्यक्षांनी बाबासाहेबांचे नाव अचानक पुकारले. आपल्या आधी वीस-बावीस नावे होती, आज आपली पाळी येईल असे वाटले नव्हते, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. म्हणजे तयारीला वेळ नाही, आणि समोर बहुतेक विरोधी पक्षाचे लोक.

त्यांनी काय केले? देश गटागटांत विभागलेला आहे हे मान्य केले, आणि अशाच एका गटाचा आपण स्वतः पुढारी आहोत, हेही कबूल केले. तरीही हा देश एक होईल असा विश्वास बोलून दाखवला. आणि मग मुख्य मुद्दा: ठराव आजच मंजूर करायचा तुम्हाला अधिकार आहे की नाही, हे बाजूला ठेवू, तसे करणे शहाणपणाचे ठरेल का, एवढे पाहू. बळाने मिळवलेला विजय टिकत नाही, हे सांगायला त्यांनी एडमंड बर्क या वक्त्याचा आधार दिला. कोणाला खाली पाडले नाही. विरोधकांना मागे फिरायला मानाची वाट ठेवली. ठरावावरचे मतदान जानेवारीपर्यंत थांबले आणि २२ जानेवारी १९४७ रोजी तो मंजूर झाला. पुढे ऑगस्ट १९४७ मध्ये याच सभागृहाच्या मसुदा समितीची धुरा बाबासाहेबांच्या खांद्यावर आली. समोरच्याला हरवणे आणि समोरच्याला पटवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या भाषणातून शिकावे.

आता एवढे ऐकल्यावर मुले म्हणतील, की गुरुजी, हे थोरामोठ्यांचे झाले, आम्ही काय करायचे? म्हणून आपल्याच वस्तीतला एक विषय घेऊ. समजा, नववीतल्या एका मुलीला वाटते, की जयंतीच्या वर्गणीतला काही भाग विहारातल्या अभ्यासिकेला मिळावा. सगळा पैसा डीजेवर जाऊ नये. तिला मंडळाच्या बैठकीत पाच मिनिटे मिळाली आहेत. ती असेही बोलू शकते: ‘तुम्ही बाबासाहेबांना विसरलात! तुम्ही नाचण्यात धन्यता मानता! तुम्हाला लाज वाटली पाहिजे!’ काय होईल? तरुण पोरे चिडतील, मोठी माणसे ‘गप बस’ म्हणतील, आणि डीजे आणखी मोठा येईल.

आता तीच मुलगी असे बोलली तर?

‘काका, दादा, जयभीम. आपली जयंती दणक्यात होते, याचा मला अभिमान आहे. तुम्ही सगळे महिनाभर राबता, हे आम्ही मुलं बघतो. मला एकच गोष्ट मागायची आहे. मी आपल्या वस्तीतली घरं मोजली. यंदा दहावी-बारावीला किती मुलं आहेत, आणि त्यांतल्या किती जणांच्या घरात एकच खोली आहे, त्याचा हा कागद. संध्याकाळी टीव्ही, पाहुणे, स्वयंपाक, सगळं त्याच खोलीत. विहाराचा हॉल रात्री आठनंतर रिकामा असतो. दोन ट्यूबलाइट, चार टेबलं आणि पुस्तकांचं एक कपाट एवढंच पाहिजे. खर्च किती येईल, ते मी दुकानात विचारून आले आहे. डीजे नसला तर पोरांचा उत्साह जाईल, असं दादा म्हणतात, ते खोटं नाही. मग मिरवणुकीला आपलं लेझीम आणि बँड ठेवू, आम्ही मुलीपण खेळू. फक्त एक वर्ष करून बघा. निकाल लागला की परत बसू, तेव्हा तुम्हाला पटलं नाही तर मी पुन्हा मागणार नाही.’

झाले! आवाज चढला नाही. पण पाचही बोटे आली की नाही बघा. ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करून क्रमाने मागणीपर्यंत पोचली. स्वतः मोजलेला कागद दाखवला, हे कारण. दादांची अडचण समजून घेतली, ही करुणा. स्वतःसाठी काही मागितले नाही. आणि कोणाचा पाणउतारा केला नाही. शिवाय मागणी एकच, स्पष्ट, आणि ‘हो’ म्हणायला सोपी. दहा मागण्या केल्या, की माणूस एकही देत नाही.

तयारीच्या दोन-चार गोष्टी सांगतो. भाषण पाठ करू नका. मुद्दे पाठ करा. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य तेवढे पक्के ठेवा. घरातली बोली लपवू नका. कराडची, मिरजेची, तासगावची बोली ही काही लाजेची गोष्ट नाही; फक्त शब्द पूर्ण उच्चारा, शेवटचा शब्द गिळू नका. माहिती सांगाल ती तपासून सांगा. बाबासाहेबांच्या नावावर कुठलेही वाक्य खपवू नका. ग्रंथात पाहा, नसेल तर सोडून द्या. खोटा दाखला एकदा उघडा पडला, की खऱ्या मुद्द्यावरचाही विश्वास उडतो. सम्यक वाचा म्हणजे हेच: खरे बोलावे, हिताचे बोलावे, वेळ पाहून बोलावे, आणि मृदू बोलावे. आणि वेळ दिली असेल पाच मिनिटे, तर साडेचार मिनिटांत खाली बसावे.

शेवटी एक गोष्ट आयाबहिणींना आणि बंधूंना. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. स्वच्छ राहा, जुनी ओळख सांगणारे दागिने आणि लुगडे नेसायची पद्धत टाका, मुलींना शिकवा, असे सांगितले. आणि तिथल्या तिथे बायकांनी लुगडे नेसायची पद्धत बदलली. एवढा परिणाम कशाने झाला? सांगणारा तळमळीचा होता, हे तर खरेच. पण ऐकणाऱ्याही तयार मनाने बसल्या होत्या. चांगला वक्ता एकट्याने घडत नाही, त्याला ऐकणारे लागतात. आपली मुलगी घरी काही पटवून द्यायला लागली, तर ‘लहान तोंडी मोठा घास’ म्हणून तिला गप्प करू नका. पाच मिनिटे टीव्ही बंद करून ऐका. तिचे चुकत असेल तर कारण सांगून दाखवा. बरोबर असेल तर ‘पटलं बाई तुझं’ म्हणा. व्यासपीठावर उभे राहण्याची हिंमत तिला घरातच मिळाली पाहिजे.

विहार समितीला आमची एक नम्र विनंती आहे. दर महिन्याच्या एका रविवारी वंदनेनंतर दोन मुलांना पाच-पाच मिनिटे बोलू द्यावे. विषय त्यांनीच निवडावा, कागद हातात नसावा, आणि बोलून झाल्यावर मोठ्यांनी एक तरी प्रश्न विचारावा. बक्षीस वगैरे काही नको. वर्षभरात चोवीस मुले बोलती होतील. विहार मोठा होतो तो अशा मुलांनी.



भवतु सब्ब मंगलं! नमो बुद्धाय! जयभीम!